दहा बाय दहातली ड्रेपरी

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस सलग उघडीप मिळाली, तशी ललिताबाई खैरनार खडू आणि शिलाईची टेप घेऊन सोसायटीच्या गच्चीवर चढल्या. कोरडी जागा बघून त्यांनी आठ फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखला. मग दोन मजले उतरून त्या घरात गेल्या आणि एक गाठोडं घेऊन वर आल्या. ते चौकोनाच्या कोपऱ्यात ठेवलं, पुन्हा खाली गेल्या. सातव्या खेपेला शेजारीणबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि बादली हातात घेऊन बघतच राहिल्या.

"काकू, हे काय मांडलंय?"

"जागा मोजतेय."

"कुणाला?"

"राजे, राण्या, सहा वाघ, बावीस पऱ्या," ललिताबाई म्हणाल्या. "आणि एक उंट आहे. त्याचंच अडतंय."

इंदिरानगरमधली ती तीन मजली इमारत पुनर्विकासाला जाणार होती. ऑगस्टअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची, बिल्डर तीस महिन्यांनी नवी देणार, तोवर भाड्याने राहायचं. बाकीच्या अकरा घरांपुढे एकच प्रश्न होता, राहायचं कुठे. ललिताबाईंनी पाथर्डी फाट्याच्या मागे एक खोली-किचनचं घर आठवड्याभरात ठरवून टाकलं होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक खोली, बाल्कनी आणि हॉलमधली एक अख्खी भिंत ड्रेपरीने भरली होती. शाळांची स्नेहसंमेलनं, हौशी नाटकं, गणपतीचे देखावे, शिवजयंतीच्या मिरवणुका, या सगळ्यांना लागणारे पोशाख त्या भाड्याने देत. नऊशेच्या वर पोशाख, चौसष्ट मुकुट, पंख, शेपट्या, मुखवटे, भाले, ढाली. उंट दोघांनी मिळून घालायचा होता आणि त्याची मान घडी होत नव्हती.

आठ बाय दहात माल मावेना. ललिताबाईंनी पायाने खडूची रेघ पुसली, दोन फूट सरकवली आणि दहा बाय दहाचा चौकोन केला. पुन्हा सगळं मांडलं. मधे दोन फुटांची वाट सोडली आणि त्या वाटेतून स्वतः चालून बघितलं, दोन्ही हात पसरून, वाकून, मागे वळून. मग खाली येऊन वहीत लिहिलं: दहा बाय दहा. उंची नऊ फुटांच्या खाली चालणार नाही.

ललिताबाई मूळच्या कळवणच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या. यजमान ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते; सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी तेजस्विनी पहिलीत असताना तिला संमेलनात पोपट व्हायचं होतं. भाड्याने आणलेल्या पोपटाच्या ड्रेसला इतका कुबट वास येत होता की पोरीने तो अंगातच घातला नाही. ललिताबाईंनी अस्तराचं हिरवं कापड आणून दोन दिवसांत नवा पोपट शिवला. चोच लाल रेक्झिनची. पुढच्या वर्षी अकरा आया दारात उभ्या. तिथून धंदा सुरू झाला आणि सुरुवातीपासून त्याचा एकच नियम होता. पोशाख परत आला की धुवून, वाळवून, नाकाला लावून बघितल्याशिवाय कपाटात जायचा नाही.

तीन वर्षांनी हमीदा आली. हमीदा मणियार, चौक मंडईजवळची. तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. काम मागायला आली तेव्हा ललिताबाईंनी तिला परीक्षा म्हणून एक मोडका मुकुट दिला. दुसऱ्या दिवशी ती तो घेऊन आली. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे घासून, त्यांची धार मारून तिने ते मुकुटावर असे बसवले होते की खोलीतल्या ट्यूबलाइटखालीही तो पेटल्यासारखा दिसत होता. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. मुकुट, दागिने, जरीकाम हे हमीदाचं. कापणं, शिवणं, गिऱ्हाइकांशी बोलणं ललिताबाईंचं. कुठला पोशाख कुठल्या कप्प्यात आहे हे दोघींनाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तेजस्विनी पुण्याहून मदतीला आली. कामसू मुलगी. आल्या आल्या तिने अर्धं स्वयंपाकघर खोक्यांत भरलं. दुपारी चहा घेताना मात्र मनातलं बोलली.

"आई, एक सांगू? चिडायचं नाही. तीस महिने म्हणतात, पण छत्तीस होणार. तोवर तू चौसष्टची होशील. मालेगावचा तो ड्रेसवाला सगळा माल एकरकमी घ्यायला तयार आहे. देऊन टाक. हमीदामावशींना कुठेही काम मिळेल, त्यांच्या हातात कला आहे."

आतल्या खोलीत हमीदाचं मशीन चालू होतं. ते थांबलं.

"माल देऊन टाकायचा आणि मी काय करायचं?" ललिताबाईंनी विचारलं.

"आराम. माझ्याकडे ये. फिर."

"तेजू, मला फिरायला आवडतं. पण डिसेंबरात नाही. डिसेंबरात माझ्याकडे सव्वीस शाळा असतात." त्यांनी कप खाली ठेवला. "माल कुठेही जाणार नाही. जागा मी शोधते."

तेजस्विनीने मग विषय वाढवला नाही. आईचा हा सूर तिच्या ओळखीचा होता. थोड्या वेळाने आतलं मशीन पुन्हा सुरू झालं, पण त्याची गती नेहमीची नव्हती. त्याचं कारण त्या दिवशी ललिताबाईंच्या लक्षात आलं नाही.

आता नाशकात घरसामान ठेवायला भाड्याने खोल्या देणाऱ्या जागा निघाल्या आहेत. बदलीवाले, परदेशी गेलेले, घराचं काम काढलेले लोक तिथे सामान ठेवतात. शटर लावायचं, आपलं कुलूप घालायचं आणि महिन्याला भाडं भरायचं. ललिताबाईंनी फोनवर चौकशी करून तीन जागा निवडल्या आणि सोमवारी सकाळी स्कूटरच्या डिकीत टेप, टॉर्च आणि स्टीलच्या डब्यात भाजलेले उडदाचे पापड ठेवून निघाल्या.

पहिली जागा द्वारकेच्या बाजूला, एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात होती. भिंतींना नवा पांढरा रंग, कॅमेरे, चकचकीत शटर. ललिताबाई एका रिकाम्या खोलीत गेल्या, डब्यातून पापड काढला आणि कागदावर मधोमध ठेवला.

"हे काय, मॅडम?" तिथल्या माणसाने विचारलं.

"तासाभराने येते. उंदीर लागला तर सांगा, तेही कळलेलं बरं."

तासाभराने त्या परत आल्या. पापड उचलला तर तो ओल्या रुमालासारखा हातात वाकला. त्यांनी तो त्या माणसाला दाखवला. "तीस महिन्यांत माझ्या जरीचंही हेच होईल. काळी पडेल." तो म्हणाला, पावसाळ्यात इतकं चालायचंच. त्या म्हणाल्या, "तुमचं चालेल. माझं नाही."

दुसरी जागा अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे पापड थोडा बरा राहिला, पण ललिताबाईंनी टॉर्च वर मारला आणि पत्र्याच्या जोडांवर गंजाचे ओघळ पाहिले. शिवाय त्यांच्या डोक्यात मे महिना होता. पत्र्याखालच्या उन्हात फोमचे मुखवटे भुगा होतील आणि मुकुटांचा गोंद सुटेल. तिथला मालक भला माणूस होता. भाडं कमी करून देतो म्हणाला. भाड्याने गोंद चिकटून राहत नाही, एवढं बोलून त्या निघाल्या.

तिसरी जागा सातपूरला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर होती. वर सिमेंटचा स्लॅब, जाड भिंती, मालाची लिफ्ट, आणि गल्लीच्या टोकाला ओल शोषून घेणारं एक मशीन घरघरत होतं. स्वराज नावाचा मॅनेजर होता, तिशीच्या आतला, बोलायला मोकळा. पापड ठेवलेला बघून तो हसला आणि स्वतःची खुर्ची आणून ललिताबाईंना बसायला दिली. तासाभराने त्यांनी पापड मोडला. कट्कन आवाज आला. अर्धा तुकडा त्यांनी स्वराजला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

"दहा बाय दहा आहे का? नऊ फूट उंचीचं?"

"आहे. पण आजी, आपल्या काही अटी आहेत. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. आत बसून काम करता येणार नाही, शिवणकाम, इस्त्री काही नाही. गिऱ्हाईक आत आणता येणार नाही. आणि शटर उघडायचं तर आदल्या दिवशी कळवावं लागेल."

पहिल्या तीन अटी ललिताबाईंनी मान डोलावून ऐकल्या. शिवायचं मशीन भाड्याच्या घरात राहील, गिऱ्हाईक तिथेच येईल. शेवटच्या अटीवर त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"आदल्या दिवशी जमणार नाही. शाळेतल्या पोराला सकाळी गोवर निघतो, बाईंना दुसरा शिवाजी उभा करावा लागतो. त्याचं माप वेगळं असतं. मला तासाभरात माल लागतो."

"कंपनीचा नियम आहे."

"कंपनीला फोन लावा."

त्याने लावला. कंपनीच्या माणसाशी ललिताबाई वीस मिनिटं बोलल्या. आवाज चढवला नाही, पण फोनही सोडला नाही. शेवटी डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत एक तास आधी कळवलं तरी चालेल असं ठरलं आणि ते करारात लिहून द्यायचंही कबूल झालं.

घरी आल्या तर दाराला कुलूप. हमीदाकडे दुसरी किल्ली असे आणि सोमवारी ती दुपारी यायचीच. मंगळवारीही आली नाही. फोन केला तर मुलीने उचलला, अम्मीची तब्येत जरा ठीक नाही म्हणाली. बुधवारी ललिताबाईंनी स्कूटर काढली आणि भद्रकालीच्या गर्दीतून वाट काढत चौक मंडई गाठली.

हमीदा जमिनीवर बसून चिंच निवडत होती. तब्येत ठणठणीत दिसत होती.

"ताप उतरला वाटतं," ललिताबाई म्हणाल्या.

हमीदाने मान वर केली नाही. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने घराची किल्ली काढली आणि दोघींच्या मधे ठेवली. "ताई, तेजूताई बरोबर बोलल्या. मला मिळेल काम. शालिमारला एक बुटीक आहे, ते बोलावतातच. तुम्ही माझ्यापायी अडकू नका."

"तुझ्यापायी कोण अडकलंय?"

"गोडाऊनमधे सुई चालत नाही, दोरा चालत नाही. मी विचारलं माझ्या भाच्याला. मग तिथे माझं काम काय? कुलपावर बसून राहू?"

ललिताबाईंना आत्ता कळलं की मशीन का अडखळलं होतं. त्यांनी तिच्यासमोर बसकण मारली आणि चिंचेतला एक गर उचलून त्यातला चिंचोका काढला.

"हमीदा, नीट ऐक. शिवायची मशिनं माझ्या नव्या घरी खोलीतच बसणार, दोन्ही. मी पलंग घेतलेलाच नाही, गादी टाकून झोपणार आहे. माल सातपूरला. आणि तो माल भरायचा कसा, हे मला एकटीला येत नाही. मुकुट कसे ठेवायचे ते तुलाच माहीत. मी भरले तर सहा महिन्यांनी चौसष्टाचे चाळीस निघतील. तुला बुटीकमधे जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पण डिसेंबर सरल्यावर जा."

हमीदाने चिंच बाजूला सारली. मग म्हणाली, "खोक्यांत ठेवू नका मुकुट. म्हणजे, बंद खोक्यांत. घाम येतो त्यांना."

"मग कशात?"

"द्राक्षाच्या खोक्यांत. भोकं असतात ना त्यांना."

दुसऱ्या दिवशी दोघी सातपूरला गेल्या. हमीदाने युनिटच्या चारी कोपऱ्यांत वाकून बघितलं, भिंतीला हात लावला, शटरखालच्या फटीत बोट घालून बघितलं. "इथून झुरळ येईल," म्हणाली. स्वराजने रबराची पट्टी बसवून द्यायचं कबूल केलं. मग त्याने करार पुढे ठेवला. ललिताबाईंनी चष्मा चढवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एका ठिकाणी लिहिलं होतं, करार करणाऱ्याखेरीज शटर उघडू शकणारी व्यक्ती.

"इथे हमीदा मणियार लिहा."

"बरं. नातं काय लिहू?" स्वराजने विचारलं. "बहुतेक लोक मुलगा, सून, भाऊ असं लिहितात. कामवालं माणूस असेल तर त्याला एकट्याला उघडता येत नाही, तुम्हाला सोबत यावं लागतं."

ललिताबाईंनी मान वळवून पाहिलं. हमीदा खिडकीतून बाहेर बघत होती, जणू हे बोलणं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

"भागीदार लिहा," ललिताबाई म्हणाल्या.

"तसा काही कागद आहे?"

"हाच लिहा की कागद. मी सही करते, ती करते."

स्वराजने लिहिलं. हमीदाने उर्दूत नाही, मराठीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढून. परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसून ती पपया नर्सरीच्या चौकापर्यंत आली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "विचारायचं तरी होतंत आधी."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं."

"हे बरोबर नाही, ताई," हमीदा म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच रागावलेला होता. "सव्वीस वर्षांनी एकदम सांगायचं, तेही त्या पोराच्या तोंडासमोर. माझी सहीसुद्धा वाकडी आली."

ललिताबाईंनी ऐकून घेतलं. तिचं खरं होतं. सव्वीस वर्षं नगामागे पैसे देत आलो आणि त्यात आपल्याला कधी काही खटकलं नाही, हे त्यांना त्या सिग्नलवर खटकलं. संध्याकाळी घरी बसून दोघींनी पुढचं ठरवलं. नगावरचं काम बंद. जे येईल ते निम्मं निम्मं, भाडंही निम्मं निम्मं. हमीदा म्हणाली, नुकसानीतही निम्मं धरा, नाहीतर मी येणार नाही. ते मान्य झालं.

मग भरणी सुरू झाली. हमीदाच्या भाच्याने आडगावकडच्या एका पॅकहाउसमधून द्राक्षांची उरलेली कोरी खोकी आणून दिली. हमीदाने प्रत्येक भोकाला आतून मलमलीचा तुकडा चिकटवला, म्हणजे हवा जाईल आणि किडा जाणार नाही. मुकुटांच्या पोटात जुन्या साड्यांचे बोळे, वरून साडीचाच थर. प्लॅस्टिकची एकही पिशवी नाही. मखमलीचे अंगरखे घडी घालून एकावर एक ठेवले तर मखमल बसते, म्हणून ते हँगरवर, वर सुती पिशव्या. नऊवारी साड्यांच्या सुती गाठोड्यांत सुकवलेला कडुनिंबाचा पाला आणि लवंगा. पऱ्यांचे पंख तारेचे. ते एकमेकांत अडकवून छताला टांगायचे. प्रत्येक गाठोड्याला कापडाची चिठ्ठी टाचली, कारण कागदाची निघून जाते.

भांडणंही झाली. ललिताबाईंना सतरा जुने पोशाख काढून टाकायचे होते. हमीदा एकेक हातात घेऊन सांगायची, हा कुठल्या शाळेत कुणी घातला होता. "आठवणी ठेवायला दुसरं युनिट घे," ललिताबाई म्हणाल्या. शेवटी बारा गेले. उंटावरून कुणीच काही बोललं नाही. त्याची मान ललिताबाईंनी स्वतः उसवली, आत बिजागरी घातली आणि पुन्हा शिवली. आता ती मुडपता येत होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मल्हारीचा टेम्पो ठरला. मल्हारी सिन्नरकडचा, पन्नाशीचा माणूस, मोठ्याने बोलणारा. सकाळपासून रिमझिम होती. त्याने दुहेरी ताडपत्री बांधली, तरी ललिताबाईंनी गाडीभोवती फिरून प्रत्येक दोरी ओढून बघितली.

"बाई, कांदा वाहतो मी. भिजलेला कांदा कोण घेतंय? लय काळजी करू नका," तो म्हणाला.

"कांद्याला जरीकाम नसतं, मल्हारीभाऊ."

सातपूरला सगळं सुरळीत चाललं होतं. आधी अँगलचे रॅक जोडले, मग मागून पुढे अशी मांडणी. जून-जुलैत क्वचित लागणारं मागे, संमेलनाचं पुढे, शिवजयंतीचं उजवीकडे. तिसऱ्या खेपेला मल्हारी एक लांब गाठोडं खांद्यावर घेऊन लिफ्टमधून निघाला आणि त्यातून एक तलवार सटकून खणकन फरशीवर पडली. स्वराज धावत आला.

"आजी, हे काय? हत्यारं ठेवायला सक्त मनाई आहे!"

"चौतीस आहेत," ललिताबाई म्हणाल्या. "आणि भाले वीस."

स्वराजचा चेहरा उतरला. ललिताबाईंनी तलवार उचलली, दोन्ही टोकं धरून गुडघ्यावर वाकवली. पातळ पत्रा होता, धनुष्यासारखा वाकला. मग त्याच्याच हातात दिली. त्याने बोट फिरवून धार बघितली. हमीदाने गाठोडं सोडून बाकीच्याही फरशीवर ओळीने मांडल्या. लाकडाच्या, पत्र्याच्या, दोन तर थर्माकोलच्या. स्वराजने सगळ्यांचे फोटो काढून वर पाठवले. पाऊण तासाने उत्तर आलं: चालेल, पण यादीत 'नाटकाचं सामान' असं लिहा. त्या पाऊण तासात ललिताबाई पायऱ्यांवर बसून वहीतला युनिटचा नकाशा पुरा करत होत्या. परवानगी येणार नाही असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही, असं नाही. पण नकाशात तलवारींची जागा त्यांनी आधीच लिहून ठेवली होती.

संध्याकाळी सातला पाच मिनिटं असताना शटर खाली आलं. दोन कुलपं घातली, एकाची किल्ली ललिताबाईंकडे, एकाची हमीदाकडे, आणि दोन्हींच्या जोडकिल्ल्याही अदलाबदल करून. गच्चीवर मोजलं होतं तसंच सगळं मावलं होतं. मधली वाट दोन फुटांची पावणेदोन झाली होती, इतकंच.

दिवाळीनंतर ललिताबाईंना जरीचे टाके दिसेनात. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. संमेलनांच्या आधी उरकून घ्यावं म्हणून त्यांनी नोव्हेंबरची तारीख धरली होती, पण साखर वाढली आणि ऑपरेशन डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर गेलं. तेजस्विनीने पुण्यात करायचं ठरवलं. पुढे ढकलायला ललिताबाई तयार होत्या, हमीदा नव्हती. "जा तुम्ही. पाच दिवसांचं तर आहे. मी काय नवीन आहे का?"

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ललिताबाई डोळ्यावर काळा चष्मा लावून तेजस्विनीच्या घरात बसल्या होत्या. फोन वाजला. इगतपुरीच्या एका शाळेतल्या बाई होत्या, मनीषा नावाच्या, आवाज रडवेला. दुसऱ्या कुणाकडून मागवलेले कपडे आले होते ते मोठ्या मुलांच्या मापाचे. संमेलन त्याच दिवशी दुपारी तीनला, तिसरी-चौथीची बेचाळीस मुलं. भातलावणीचा नाच आणि मावळ्यांचं एक नाट्य. "काकू, तुम्ही नाही म्हणालात तर मुलं गणवेशात नाचतील. पण विचारून बघावं म्हटलं."

"मापं पाठवा. हमीदाच्या नंबरवर," ललिताबाई म्हणाल्या आणि दहा मिनिटांनी हमीदाला फोन लावला. तेजस्विनीने फोन स्पीकरवर टाकला, कारण आईला बटणं दिसत नव्हती.

"आलं मला सगळं," पलीकडून हमीदा म्हणाली. "स्वराजला कळवलं, तासाभरात तिथे पोचते. मल्हारीभाऊ निघालेत."

"लावणीवाल्या मुलींना छोट्या नऊवारी. डावीकडे दुसरा रॅक..."

"खालून तिसरा कप्पा. माहीत आहे, ताई. इरली पण घेते, दहा आहेत, बाकीच्यांना घोंगडी. मावळ्यांचे अठ्ठावीस नंबरचे अंगरखे चौदाच आहेत, हे सोळा मागतात. दोन तिसांचे घेते आणि आतून टाचते. सुईदोरा पिशवीत आहे. टेम्पोत बसून टाचेन, गोडाऊनमधे नाही, नियम आहे."

तेजस्विनी आईकडे बघत होती. आई काही बोलायला जायची आणि पलीकडून उत्तर आधीच यायचं. बाराला हमीदाचा फोन आला, घोटीच्या पुढे आहोत. साडेबाराला आला, पोचलो. तीनला मनीषाबाईंनी व्हिडिओ पाठवला. ललिताबाईंना पडद्याकडे जास्त बघायला मनाई होती, म्हणून तेजस्विनीने तो बघून त्यांना सांगितला. हिरव्या-लाल नऊवारीतल्या मुली वाकून रोपं लावतायत, एकीचा पदर सुटतोय, मागून कुणीतरी येऊन खोचतंय. "हमीदामावशीच आहेत," ती म्हणाली. "स्टेजवर रांगत रांगत आल्या."

ललिताबाई मोठ्याने हसल्या. जरा वेळाने तेजस्विनी म्हणाली, "मालेगावच्या त्या माणसाला मी नाही म्हणून कळवते. अजून मेसेज करतो तो."

"तू अजून कळवलं नव्हतंस?"

"नव्हतं," तेजस्विनी म्हणाली आणि फोन हातात घेतला.

पाच दिवसांचे आठ झाले. परत आल्यावर ललिताबाई पहिल्यांदा सातपूरला गेल्या तेव्हा हमीदाही सोबत होती. शटर वर गेलं आणि ललिताबाई दारातच थबकल्या. डावीकडचा पहिला रॅक होता तिथे नव्हता. मुकुटांची खोकी खाली आली होती, मुखवटे वर गेले होते, आणि मधली वाट सरळ होती ती आता कोपऱ्यात वळत होती.

"हे कुणी केलं?"

"मी." हमीदा जरा ताठ उभी राहिली. "त्या दिवशी इगतपुरीचं काढताना शिडी तीनदा लावावी लागली. मुकुट वर, आणि रोज लागतात तेच. माझे गुडघे काही तुमच्यासारखे नाहीत. आणि वाट वळवली तर मागचा रॅक पण ओढता येतो. बघा ओढून."

ललिताबाईंनी तोंड उघडलं. वहीतला नकाशा त्यांनी तीन दिवस बसून काढला होता, हे त्यांच्या अगदी जिभेवर होतं. मग त्या आत गेल्या, वळल्या, मागचा रॅक ओढून बघितला. तो आला.

"वाघांची कानटोपडी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे. वरून दुसरा," हमीदा म्हणाली आणि शिडी आणायला गेली.